तीळ राहू दे, मुरूम जाऊ दे

‘वहिनी, फोटो जरा उजळ करा हं!’ हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. कोणी ‘उजळ’ म्हणतं, कोणी ‘साफ’, कोणी सरळ ‘गोरी’ म्हणून मोकळं होतं. बोलणारी बहुतेक वेळा आई असते, कधी मावशी, कधी मोठी जाऊ. जिचा फोटो काढायचा ती मात्र स्टुलावर बसून ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत असते. तिला कोणी काही विचारत नाही.

बार्शीला आमचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी १९७१ साली सुरू केलेला. दहा बाय चौदाची खोली, उत्तरेला एक मोठी खिडकी, एक लाकडी स्टूल आणि भिंतीवर गुंडाळून ठेवलेले तीन पडदे. लग्न होऊन आले तेव्हा मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. पण फोटोला येणाऱ्या बायकांना पदर नीट करायला, निऱ्या सारख्या करायला बाईमाणूस हवं असायचं. मग मामंजी आतून हाक मारायचे, ‘सूनबाई, जरा या बरं!’ आधी पदर, मग लाइट, मग कॅमेरा असं करता करता मी केव्हा स्टुडिओवाली झाले, ते घरातल्यांच्याही लक्षात आलं नाही.

फोटोच्या खोलीत बाईमाणूस असावं, ही गरज काही आजची नाही. राजा दीनदयाळ हे त्या काळातले नामांकित फोटोग्राफर. त्यांनी १८९२ साली हैदराबादला खास बायकांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या ताब्यात दिला. पडद्यातल्या स्त्रियांनी परपुरुषासमोर तोंड उघडं करून बसायचं कसं, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज पडदा गेला, पण कॅमेऱ्यासमोर बसल्यावर बाईच्या मनात येणारं ‘आता मी कशी दिसणार?’ हे काही गेलेलं नाही.

मामंजींकडे रिटचिंगचं एक डेस्क होतं. लेखनिकाच्या उतरत्या मेजासारखं. मधे चौकोनी भोक, त्यावर दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून उलटून काचेखाली यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर पेन्सिल धरावी म्हणून एक चिकटसर औषध पुसायचं आणि मग पॉलिशपेपरवर सुईसारखी घासलेली कडक पेन्सिल घेऊन मामंजी तासन् तास बारीक टिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक दिसते. ती पेन्सिलीनं भरली की छापलेल्या फोटोत ती जागा उजळ येते. उलट एखादी जागा गडद करायची तर ब्लेडच्या टोकानं निगेटिव्ह हलकेच खरवडायची. एक घाव चुकला की गिऱ्हाइकाला परत बोलवायचं! त्यामुळे हात लावायचा तो अगदी मोजकाच. ‘जेवढं लाइटमध्ये सुधारता येतं, तेवढं पेन्सिलीवर ढकलू नये,’ हे त्यांचं म्हणणं. डेस्क आता माळ्यावर गेलं, पण ते वाक्य मी रोज वापरते.

म्हणून आधी लाइटचंच सांगते. यासाठी महागडं सामान लागतं, हा समज अगोदर काढून टाका. माझ्याकडे एक एलईडी दिवा आहे, प्लंबरकडून पीव्हीसी पाइप कापून आणून केलेली तीन बाय चार फुटांची चौकट आहे आणि तिच्यावर ताणून बसवलेलं पांढरं सुती कापड आहे. दिवा कापडाच्या मागे ठेवायचा, म्हणजे सगळं कापडच दिवा होऊन जातं. यातलं तत्त्व एकच. उजेड देणारी वस्तू जेवढी मोठी आणि चेहऱ्याच्या जेवढी जवळ, तेवढा उजेड मऊ. लहान, उघडा बल्ब लांबून टाकला की नाकाची सावली गालावर सुरीनं कापल्यासारखी पडते, प्रत्येक खड्डा, प्रत्येक पुळी उठून दिसते. तीच मुलगी खिडकीशी बसवली की निम्म्या पुळ्या आपोआप विरघळतात. (पूर्वीच्या हॅलोजनवर मात्र चुकूनही कापड टाकू नका. तो दिवा इतका तापतो, की कापड पेट घेईल.)

आता दिवा ठेवायचा कुठे? चेहऱ्याच्या अगदी समोर ठेवला तर चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. अगदी बाजूला ठेवला तर अर्धा चेहरा अंधारात जातो. दोन्हींच्या मधोमध, तिरक्या कोनात, डोळ्यांपेक्षा हात-दीड हात उंच ठेवायचा आणि मग मुलीच्या पलीकडच्या गालाकडे बघायचं. तिथे डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण दिसला की जागा बरोबर जमली. रेम्ब्रां या डच चित्रकाराच्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून फोटोग्राफर त्याला त्याच्याच नावानं ओळखतात. दुसरी खूण डोळ्यांत. बुबुळात वरच्या बाजूला दिव्याचा पांढरा ठिपका चमकला पाहिजे. तो नसला तर हसरा चेहरासुद्धा झोपाळू वाटतो.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर दुसरा दिवा आणू नका. पांढरा जाड कार्डशीट त्या बाजूला दीड-दोन फुटांवर उभा धरा. दिव्याचा उजेड त्यावरून परततो आणि सावली भरून येते. कार्डशीट जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. वयस्क बायकांच्या वेळी मी आणखी एक करते. दिवा जरा समोर घेते आणि त्यांच्या मांडीवर पांढरा स्वच्छ टॉवेल पसरते. डोळ्यांखालच्या आणि गळ्याच्या सावल्या खालून हलक्या होतात. ‘वैनी, टावेल कशाला?’ असं विचारून त्या हसतात, आणि मला हवा असलेला चेहरा तेवढ्यात मिळून जातो! चष्मा असेल तर दिवा थोडा वर चढवायचा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून घ्यायच्या. काचा खाली झुकतात आणि चकाकी निघून जाते.

एवढं झालं, की सावळ्या रंगाचा मुद्दा येतो. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ‘घरी बरी दिसते हो, फोटोत काळी येते,’ असं आया सांगतात. त्या खोटं बोलत नाहीत. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं यंत्र समोरचं सगळं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की यंत्राला वाटतं, उजेड फार झाला. ते फोटो गडद करतं. भिंत करडी होते आणि चेहरा काळवंडतो. दोष पोरीच्या रंगाचा नसतो, मागच्या भिंतीचा असतो! मागे गर्द हिरवा, मरून किंवा राखाडी पडदा लावून बघा, तोच चेहरा खुलून येतो. मोबाइलवर काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे मोजमाप चेहऱ्याचं होतं. अगदी लागलंच तर उजेड किंचित वाढवा.

यंत्राच्या मागची माणसंही यात होती. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड पुरवत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून ते ‘शर्ली कार्ड’. शर्लीची कांती बरोबर आली, की मशीन बरोबर लागलं असं समजायचं. गडद कांतीचे बारकावे त्या फिल्मवर नीट उमटत नसत. आणि गंमत बघा, गडद रंग नीट येत नाहीत अशी तक्रार ज्यांची ऐकली गेली त्यांत चॉकलेट बनवणारे आणि लाकडी फर्निचर विकणारे होते! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड कोडॅकनं १९९० च्या दशकात काढलं. हे मी वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आल्या त्या आमच्या अल्बममधल्या सगळ्या काळवंडलेल्या नवऱ्या मुली. लॅबमधून फोटो आल्यावर रडलेल्या.

सावळ्या कांतीचं सौंदर्य तिच्या चमकेत असतं. गालाच्या हाडावर, कपाळावर, हनुवटीवर तिरका उजेड घरंगळला की चेहऱ्याला जो आकार येतो, तो पावडर थापून कधीच येत नाही. उलट पावडरीनं चेहरा राखेसारखा दिसतो. म्हणून माझ्याकडे येताना पावडर लावू नका, चेहरा धुऊन नुसता टिपून या, असं मी फोनवरच सांगते.

चार-पाच वर्षांपूर्वी एक मुलगी आली. बी. फार्म. झालेली, रंगानं सावळी, डोळे फार बोलके. बरोबर आई आणि मामा. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. मामांनी पाकिटातून आधीचा एक फोटो काढून दाखवला, एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओतला. मी क्षणभर फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीनं बघत राहिले. गोरीपान, गाल प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखे, नाक सरळ केलेलं. उजव्या भुवईजवळ मुलीला एक ठसठशीत तीळ होता, तो फोटोत नव्हताच.

‘छान काढलाय की,’ मामा म्हणाले. ‘पण फोटो बघून लोक येतात, आणि मग...’

पुढचं मुलीनंच सांगितलं, आवाज न चढवता. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला, तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘ही थोरली का? फोटोतली धाकटी कुठंय?’ असं दोनदा झालं होतं. तिला धाकटी बहीण नाहीच.

आई खाली बघत होती. मग तीच चाचरत म्हणाली, ‘वहिनी, तसं नको... पण अगदी आहे तसंही नको. जरा तरी...’ मी त्या माउलीला काय बोलणार? पोरीचं लग्न जमावं म्हणूनच तिचा जीव तुटत होता. फोटो हा मुलीच्या आधी त्या घरात जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी मात्र म्हणाली, ‘काकू, फोटो असा काढा, की आलेल्या माणसांना दारातच ओळख पटली पाहिजे.’

मी गर्द हिरवा पडदा सोडला. पडद्याची सावली नको म्हणून स्टूल चार फूट पुढे घेतलं. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो. खिडकी तिच्या डाव्या हाताला, उजवीकडे कार्डशीट. मी सहा-सात फूट मागे गेले आणि लेन्सनं चेहरा जवळ आणला. कॅमेरा तोंडाशी नेऊन फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. नाक रिटचिंगमध्ये बारीक करण्यापेक्षा चार पावलं मागे जाणं सोपं नाही का? मग तिला विचारलं, ‘औषधांच्या दुकानात बसलीस तर चिठ्ठीतलं डॉक्टरांचं अक्षर लागेल का गं तुला?’ ती हसली. तेवढ्यात काढला.

स्क्रीनवर फोटो आला. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘अगं बाई, ही तर आमच्या आईसारखी दिसते!’ आधीच्या फोटोत तिला कोणाचंच काही दिसलं नव्हतं.

यानंतर रिटचिंग केलंच नाही का? केलं. मी काही त्याच्या विरुद्ध नाही. माझा नियम साधा आहे. आठ दिवसांत जे आपोआप जाणार आहे, ते मी आजच घालवते. मुरूम, ओठांवरची साल, डासाचा चावा, रात्रभर प्रवास करून आलेली डोळ्यांखालची काळोखी, कपाळावर आलेली चार उनाड बटं. आणि जे कायम राहणार आहे, तीळ, व्रण, जन्मखूण, नाकाची ठेवण, रंग, त्याला हात लावत नाही. फोटो पुढच्या आठवड्यात बघितला काय किंवा पुढच्या वर्षी बघितला काय, माणूस तेच वाटलं पाहिजे.

करायची रीतही अवघड नाही. कॉम्प्युटरवर मूळ फोटो तसाच ठेवून त्याची प्रत घ्या. फोटोशॉपमध्ये २००२ सालापासून हीलिंग ब्रश आहे. फुकट मिळणाऱ्या गिंप या प्रोग्रॅममध्येही तसंच साधन आहे. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा घ्यायचा आणि शेजारच्या चांगल्या त्वचेचा नमुना घेऊन डागावर एकदाच टेकवायचा. शक्य तर हे वेगळ्या लेयरवर करायचं, म्हणजे मनासारखं झालं नाही तर पुसता येतं. डोळ्यांखालची काळोखी पूर्ण घालवली की माणूस आजारातून उठल्यासारखं विचित्र दिसतं. म्हणून ती निम्मी कमी करायची आणि थांबायचं. फोटो तिप्पट-चौपट मोठा करून बसू नका. तेवढ्या जवळून कोणाचीही कातडी चंद्रासारखीच दिसते! त्वचेवरची बारीक छिद्रं दिसत राहिली पाहिजेत. ती गेली की बाहुली झालीच म्हणून समजा. दहा मिनिटं काम करायचं, उठून चहा ठेवायचा आणि परत येऊन ताज्या डोळ्यांनी बघायचं. जास्त केलेलं तेव्हा लगेच खटकतं.

पासपोर्टच्या फोटोत तर चेहऱ्यावर रिटचिंग चालतच नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला माणसाची ओळख पटावी लागते. मी आयांना तेच सांगते, ‘बघायला येणाऱ्यांनाही ओळखच पटवायची आहे ना?’

आणखी एक आजी आठवतात. मुलगा घेऊन आला होता. भिंतीवर लावायला एक चांगला फोटो असावा, म्हणून. ‘भिंतीवर लावायला’ याचा अर्थ आजींनाही कळत होता आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. ठेवणीतलं इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या ताठ बसल्या. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘वहिनी, ते डाग तेवढे काढून टाका. फ्रेममध्ये बरं दिसत नाही.’

आजींचे कान तिखट! त्या स्टुलावरूनच म्हणाल्या, ‘ते ऱ्हाऊ दे बाई. सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं. तेवढंच माज्यासंगं येनार हाय.’

मी दिवा थोडा तिरका केला, गोंदण नीट दिसावं म्हणून. सुरकुत्यांना हात लावला नाही. फक्त डोळ्यात आलेलं पाणी टिपायला त्यांना रुमाल दिला आणि मग फोटो काढला. मुलगा दोन प्रती सांगून गेला होता, न्यायला आला तेव्हा पाच मागितल्या. बहिणींनाही हव्या होत्या.

काळ थोडाफार बदलतो आहे. २०२० साली लग्न जमवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनं कांतीच्या रंगावरून स्थळं शोधायची सोय बायकांच्या तक्रारीनंतर काढून टाकली. त्याच वर्षी घरोघरच्या एका क्रीमनं नावातला ‘फेअर’ शब्द गाळला. पण मोबाइलमध्ये आता न विचारताच गाल गुळगुळीत करून देणारा ‘ब्यूटी’ मोड आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुली माझा फोटो बघून म्हणतात, ‘काकू, फोनमध्ये मी अशी दिसत नाही.’ तेव्हा मी त्यांना खिडकीशी असलेल्या आरशापुढे उभं करते. आरसा आणि फोटो जुळले की त्या गप्प होतात, आणि बऱ्याच जणी स्वतःकडे जरा वेळ बघत राहतात.

ती फार्मसीवाली मुलगी सहा महिन्यांनी परत आली, पेढे घेऊन. सोलापूरला नोकरी लागली होती. अर्जाला तोच फोटो लावला होता, त्याच्या आणखी आठ प्रती हव्या होत्या. लग्नाचं बघणं चालूच होतं. ‘आता फोटो बघून काही जण येतच नाहीत,’ ती म्हणाली, ‘पण जे येतात, ते निदान मलाच बघायला येतात.’

मैत्रिणींनो, तुमच्या आईचा, सासूबाईंचा असा एक तरी फोटो घरी काढून ठेवा. सकाळी नऊच्या सुमारास, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशी. घरातले दिवे बंद, मागे साधी गडद चादर, पलीकडे एक पांढरा कार्डशीट आणि मांडीवर टॉवेल. मोबाइलमधला ‘ब्यूटी’ मोड बंद करा, चार पावलं मागे जा आणि त्यांना माहेरच्या गावाचं काहीतरी विचारा. त्या बोलायला लागल्या, की बटण दाबा.